बोटांची वही





दर अंकात या पानावर मी परीक्षांचे निकाल, स्नेहसंमेलन, नव्या खोल्यांचे बांधकाम अशा विषयांवर लिहीत असते. या वेळी बोटांविषयी लिहिणार आहे. विषय जरा विचित्र वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत मला ज्या गोष्टीने सर्वांत जास्त अस्वस्थ केले, ती एका मुलाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची गोष्ट आहे आणि तिच्यात चूक माझी होती. मुलगा आता अकरावीत आहे. त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहिते आहे. नाव मात्र लिहीत नाही.

आपल्या व्यायामशाळेत २०२२ साली चढाईची भिंत उभी राहिली, हे आपणांस ठाऊक आहेच. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात हा खेळ पहिल्यांदा आला. मुलांनी तो मोबाइलवर पाहिला आणि ती माझ्या मागे लागली. भिंत काही मोठी नाही. बारा फूट उंच, प्लायवूडची, तिच्यावर नटबोल्टने बसवलेले रंगीत होल्ड आणि खाली जाड गाद्या. समितीतल्या एका ज्येष्ठांचे म्हणणे होते की आपला मल्लखांब असताना ही परदेशी भिंत कशाला? मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. मी त्यांना म्हटले, दोन्ही चालू ठेवू. आज वाटते, त्यांना मी एक प्रश्न विचारायला हवा होता. मल्लखांबावर शरीराचा भार मांड्या, दंड, पंजे असा वाटला जातो. या भिंतीवर तो पुष्कळदा बोटाच्या शेवटच्या पेरावर येतो. मग या बोटांचे काय?

भिंतीचा हट्ट माझाच होता, कारण हा खेळ मी स्वतः खेळलेली आहे. जिवाजी विद्यापीठात बी.एससी. करत असताना मी एनसीसीत होते. एनसीसीची रॉक क्लाइंबिंगची शिबिरे आपल्या ग्वाल्हेरला भरतात, हे आपल्यापैकी काहींना माहीत असेल. आपल्याकडचा खडक वाळूचा. त्याच्या कडा गोलसर, पृष्ठभाग खरखरीत. त्यावर पंजा पसरून टेकवायचा आणि पायावर विश्वास ठेवायचा, असे आम्हांला शिकवलेले. पुढे १९९१ च्या डिसेंबरात पुण्याच्या मावसभावांबरोबर खंडाळ्याकडे गेले. नागफणीच्या परिसरातला एक लहानसा कातळ होता. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, काळा आणि कठीण. धरायला जागा मिळते ती बोटाच्या एका पेराएवढी, धारदार, काटकोनी. तिथे पंजा पसरता येत नाही; बोटे मुडपून, अंगठा वरून दाबून धरावे लागते. मी तसेच धरले. डावा पाय निसटला आणि सगळा भार उजव्या अनामिकेवर आला. 'टक' असा आवाज झाला. खाली दोर सांभाळणाऱ्या भावाने तो ऐकला आणि विचारले, "काय तुटलं गं, फांदी?"

फांदी नव्हती. मावशीने आंबेहळदीचा लेप लावला. ग्वाल्हेरला परत आल्यावर हाडवैद्याने बोट ओढून चोळून दिले. तीन आठवड्यांनी सूज उतरली आणि मी पुन्हा चढायला गेले. माझे ते बोट आजही सरळ होत नाही. मूठ वळली की पेराखाली एक दोरी वर आलेली दिसते. वर्गात मुले विचारतात तेव्हा ती गोष्ट मी मोठ्या ऐटीत सांगत आले. ही ऐटच पुढे महागात पडली.

त्या मुलाचे असे झाले. २०२३ मध्ये तो नववीत होता, वय चौदा. एका वर्षात इतका उंच झाला की जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीला आखूड झाली. अंगाने काटकुळा आणि चढाईत सर्वांच्या पुढे. घरी तबला, त्याचे आजोबाच शिकवतात, रोज पहाटे तासभर. ऑक्टोबरात आमचे क्रीडाशिक्षक मला म्हणाले, "मॅडम, इसकी उँगली सूजी हुई है, पंद्रह दिन से." मी मुलाला बोलावले. मधल्या बोटाचे मधले सांधे मागच्या बाजूने जाड दिसत होते. कुठे पडलास का? नाही. काही आवाज झाला का? नाही. केव्हापासून? तो म्हणाला, "हळूहळू दुखायला लागलं, मॅडम. सकाळी जरा आखडतं." मी पांढरी चिकटपट्टी मागवली, बोटाला गुंडाळली, आणि माझी अनामिका त्याच्यासमोर धरून म्हटले, "हे बघ. हे बोट वाकडं झालं तरी मी चढत होते. दोन दिवस थांब, मग लाग कामाला. थोडं सहन करावं लागतं."

तो आज्ञाधारक मुलगा. दोन दिवस थांबला आणि लागला.

नंतर कळले की घरी त्याने दाराच्या चौकटीवर सुताराकडून लाकडाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या, एकावर एक, शिडीसारख्या. पाय न टेकवता बोटांनी लटकत एका पट्टीवरून दुसरीवर उडी घ्यायची, असा तो व्यायाम. याचा जनक जर्मनीचा वुल्फगांग गुलिच. त्याने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस' नावाच्या व्यायामशाळेत अशी फळी लावली, म्हणून तिला आजही कॅम्पस बोर्ड म्हणतात. गुलिच प्रौढ होता आणि त्या काळच्या जगातल्या अव्वल चढाईपटूंपैकी एक होता. आमचा मुलगा चौदा वर्षांचा आणि वाढीला लागलेला. व्हिडिओत हा फरक कोणी सांगत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी आजोबा माझ्या खोलीत आले. अगदी शांतपणे बसले, पाणी घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या भिंतीनं याचं तिरकिट गेलं हो." ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

आधी इथल्याच एका डॉक्टरांनी समोरून एक्स-रे काढून मुरगळ असल्याचे सांगितले होते. आता आम्ही त्याला दिल्लीला हाताच्या सर्जनकडे नेले. त्याची आई, मी आणि तो. त्यांनी बोटाचा बाजूने एक्स-रे काढला. पडद्यावर मधल्या पेराच्या मुळाशी, मागच्या कोपऱ्यात, एक बारीकशी काळी रेघ होती. ते म्हणाले, ही ग्रोथ प्लेट, आणि हिला तडा गेला आहे. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "हे कधीचं?" मी सांगितले. "तुमची कडी तुटली होती. तेव्हाच आधार देऊन ठेवली असती तर बोट इतकं वाकलं नसतं. पण मॅडम, तुमचं बोट मोठ्या माणसाचं होतं. याचं नाही."

परतीच्या गाडीत मी हे वाक्य आग्र्यापर्यंत मनात घोळवत होते. त्यानंतर जे वाचले, डॉक्टरांना विचारले, ते आपल्यापुढे ठेवते. घरात कोणी चढाई करत नसले तरी वाचा.

बोटांत स्नायू नसतात. (इथे माझ्या हिंदी शिक्षणाने मला पुन्हा एकदा फसवले. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि हिंदी शास्त्राच्या पुस्तकातला 'स्नायु' म्हणजे हाडांना हाडे बांधणारा पट्टा. या लेखाच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी 'बोटांत स्नायूच स्नायू असतात' असे लिहिले होते आणि आपल्या मराठीच्या बाई पोट धरून हसल्या.) बोट वाकवण्याची मुख्य ताकद कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंत असते. तिथून कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, तळहातातून बोटाच्या पेरांपर्यंत जातात. या दोऱ्या हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून प्रत्येक बोटात आडव्या कड्या असतात. पायजम्याचा नाडा आठवा. नेफ्यात आहे तोवर तो कापडाला धरून राहतो. नेफा उसवला की बाहेर फुगतो. कडी तुटली की दोरी तशीच हाडापासून सुटून वर येते. माझ्या मुठीत दिसते ती हीच. डॉक्टर या कड्यांना ए-१ ते ए-५ असे क्रमांक देतात. बोटाच्या मुळाजवळच्या पेरातली ए-२ आणि मधल्या पेरातली ए-४ या दोन सर्वांत कामाच्या, आणि चढणाऱ्यांची बहुधा ए-२ जाते. अनामिका आणि मधले बोट हीच जास्त सापडतात.

आता पकडीचे. बोटे मुडपून, मधला सांधा काटकोनात उभा करून आणि शेवटचे पेर उलटे दाबून धरले, तर लहान कडेवर जोर फार छान मिळतो. म्हणून सगळ्यांना ती पकड आवडते. पण त्या कोनामुळे दोरी कडीला आतून वर ढकलते. पंजा पसरून, बोटे जवळजवळ सरळ ठेवून धरले, तर ए-२ वरचा भार कितीतरी पटींनी कमी होतो. आपल्या वाळूच्या खडकावर आम्ही जे शिकलो ते बोटांच्या दृष्टीने योग्यच होते. खडकाने ते आमच्याकडून करवून घेतले. प्लायवूड करवून घेत नाही.

मोठ्या माणसाच्या बोटात आधी हार मानते ती कडी. मुलांच्या बोटात तिच्याहूनही कच्ची जागा असते. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो आणि तिथून हाड लांबीत वाढते. मुलगा झपाट्याने उंच होऊ लागतो तेव्हा हा थर सर्वांत नाजूक असतो. मुडपलेल्या पकडीत मधल्या पेराच्या मुळाची मागची कड सांध्यात दाबली जाते. एकदा दाबली तर काही होत नाही. रोज शंभरदा, महिनोन्‌महिने दाबली तर तडा जातो. म्हणूनच आवाज झाला नाही, पडला नाही, आणि मी फसले. कडी तुटते तेव्हा बहुधा एका क्षणी तुटते, पुष्कळदा आवाज होतो आणि बोट तळहाताच्या बाजूने दुखते. मुलांचा हा तडा मुकाट्याने येतो आणि दुखते ते मधल्या सांध्याच्या मागच्या बाजूला. चढणाऱ्या वाढत्या मुलाचे तिथे दुखत असेल, तर एक्स-रेने नाही म्हणेपर्यंत तो तडाच समजावा, असे दिल्लीच्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसतही नाही. शंका उरली तर एमआरआय करतात. आणि दुर्लक्ष झाले तर बोट कायमचे वाकडे किंवा ताठ राहू शकते.

उपाय ऐकून मुलगा रडला, कारण उपाय म्हणजे फक्त थांबणे. भिंत बंद, चौकटीवरच्या पट्ट्या काढून टाकायच्या, बॅगसुद्धा त्या बोटाने उचलायची नाही. काही आठवडे बोटाला आधाराची पट्टी, मधूनमधून ती काढून हलक्या हाताने वाकवणे, आणि हाड भरेपर्यंत पुन्हा पुन्हा एक्स-रे. आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही, त्याने आजीला बरे वाटते. पण ओढणे आणि चोळणे अजिबात नाही.

मोठ्यांच्या कडीचेही इथेच सांगून टाकते, कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण सह्याद्रीत जातात. 'टक' ऐकले तर त्याच मिनिटाला खाली उतरा. सोनोग्राफीत दोरी हाडापासून किती सुटली आहे ते दिसते, त्यावरून दुखापतीची पायरी ठरते. एक कडी पूर्ण तुटली तरी बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. एकाहून जास्त कड्या गेल्या तर ती वेळ येते. एरवी काही दिवस विश्रांती, मग प्लास्टिकची अंगठीसारखी पट्टी, जी बाहेरून कडीचे काम करते, आणि हळूहळू हालचाल. किरकोळ ताण असेल तर महिना-दीड महिना, पूर्ण तुटली असेल तर तीन महिने किंवा त्याहून अधिक. दुखणे याच्या कितीतरी आधी थांबते, खरा धोका तिथेच असतो. मी तीन आठवड्यांनी परत गेले होते ती याच भ्रमात.

मुलाकडे परत येते. तो पाच महिने भिंतीवर चढला नाही, पण तिथून हलला नाही. कल्पना आमच्या क्रीडाशिक्षकांची. त्यांनी त्याच्या डाव्या हातात ॲलन की दिली आणि सांगितले, लहान मुलांसाठी मार्ग तू लाव. कुठला होल्ड कुठे बसवला की दुसरीतल्या मुलीचा हात पोचेल, तिचा पाय कुठे जाईल, हे तो गादीवर बसून तासन्‌तास पाहायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळे बारीक, धारदार होल्ड काढून एका गोणीत भरले आणि माझ्या कपाटात आणून ठेवले. ती गोणी अजून तिथेच आहे.

आणि तबला? डॉक्टरांनी महिनाभर बंद ठेवायला सांगितले, त्यानंतर दुखत नसेल तर हलका हात. आजोबांनी नातवाला सुट्टी दिली असती असे मला वाटले होते. पण नाही. "हात बंद आहे, तोंड नाही," असे म्हणून त्यांनी पहाटेचा तास तसाच ठेवला. सगळे कायदे, सगळ्या तिहाया नुसत्या म्हणून घ्यायच्या, टाळी देत. त्याची आई सांगत होती की शेजारच्या मुलांनाही बोल पाठ झाले. २०२४ च्या गणेशोत्सवात तो शाळेत वाजवायला बसला. मी पहिल्या रांगेत होते, पण मी ऐकत नव्हते, नुसते त्याचे मधले बोट पाहत होते. तिरकिट आले, गेले, पुन्हा आले. आजोबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, फक्त मांडीवर समेची टाळी दिली. बोट सरळ होते, पूर्ण वळतेही. थंडीत सकाळी जरा आखडते, एवढेच राहिले आहे.

भिंतीवर आता आमचे काही रिवाज आहेत. कठीण मार्गाला हात लावण्यापूर्वी शंभरेक सोप्या चाली, मोठ्या होल्डवर. आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चढायचे नाही, कारण दंडाचे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरा आणि कड्या यांना महिने, वर्षे लागतात, आणि मुलाला वाटते की आपण तयार झालो. मुडपलेली पकड शक्य तितकी टाळायची. लटकण्याची फळी आणि कॅम्पस बोर्ड अठरा वर्षांच्या आत नाही; घरच्या चौकटीवरही नाही, आणि पालकांनो, यात मला आपली मदत हवी आहे. चिकटपट्टी कातडी वाचवण्यासाठी ठीक. तिच्या भरवशावर दुखरे बोट घेऊन कोणी चढायचे नाही. दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजतो. जो एकदम वाढलेला दिसतो त्याची चढाई आम्ही निम्मी करतो. तो कुरकुरतो.

आणि एक वही आहे, साधी शंभर पानी, खिळ्याला दोरीने बांधलेली. चढण्याआधी प्रत्येकाने आपली बोटे मागून-पुढून दाबून बघायची. कुठे दुखले तर नाव, बोट, बाजू आणि तारीख लिहायची. ज्याचे नाव वहीत आहे त्याने त्या दिवशी चढायचे नाही, आणि त्याला कोणी, मीसुद्धा, 'सहन कर' म्हणायचे नाही. ही वही तोच मुलगा सांभाळतो. मागच्या महिन्यात मी ती सहज चाळली. पहिल्याच पानावर, सगळ्या नोंदींच्या वर, जागा सोडून त्याने व्यवस्थित अक्षरात लिहिले आहे: मॅडम, अनामिका, उजवी, तळहाताच्या बाजूने, डिसेंबर १९९१ पासून.